पांडेसऱ्याचा गप्प दयाळ

दयाळ तुम्ही पाहिलेला असणार, नाव माहीत नसेल एवढंच. काळा-पांढरा, मैनेपेक्षा लहान, शेपटी वर करून गच्चीच्या कठड्यावर बसतो. उन्हाळ्यात पहाटे असा गातो की झोप मोडली म्हणून चिडावं की पडल्या पडल्या ऐकत राहावं, कळत नाही. आमच्या सुरतेत त्याला दैयड म्हणतात. नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी या पाखराचं बोलणं लिहून घ्यायचं काम केलं. हजेरी लागायची, पगार मिळायचा, रविवारची सुट्टी होती. गावाकडे, शिंदखेड्याच्या बाजूला, भावकीत हे सांगितलं की लोक एकमेकांकडे बघायचे. प्रल्हाद सुरतेला जाऊन कामातून गेला, असं माझा चुलतभाऊ माझ्या तोंडावर म्हणाला होता.

आधी काम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी ठिकठिकाणी झाडांवर रेकॉर्डिंगच्या डब्या बांधल्या होत्या. पहाटे दोन-तीन तास त्या आपोआप चालायच्या. मी दर आठवड्याला जाऊन त्यांतली कार्डं काढून आणायची, हेडफोन लावून सगळं ऐकायचं आणि दयाळ बोलला की थांबवून चिठ्ठी लिहायची. जागा, वेळ, बोलण्याचा प्रकार आणि खाली सही. मग चिठ्ठी भिंतीवरच्या लाकडी कप्प्यात. असे सात कप्पे होते. मॅडमची इंग्रजी नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी माझी नावं लिहून चिकटवली: उठलो रे, सकाळचं गाणं, हद्दीचं भांडण, चुकलो बाबा, पिल्लांचं मागणं, मांजर आली, शिकरा आला. मॅडम गुजराती, त्यांना मराठी वाचता यायचं. हसल्या, पण माझी नावं राहू दिली.

शेवटच्या दोन कप्प्यांतला फरक नीट समजून घ्या. मांजर, साप, मुंगूस असं खालून काही आलं की दयाळ खरखरीत आवाजात शिव्या घालतो आणि सगळ्या गल्लीला जागं करतो. शिकरा म्हणजे कबुतराएवढा ससाणा. तो वरून आला तर दयाळ शिव्या देत नाही. पानांत दडतो आणि अगदी बारीक, लांब शिट्टी देतो. ती कुठून आली हे शिकऱ्याला कळत नाही, पण पिल्लं मात्र दबून बसतात. ही शिट्टी म्हणजे सातवा कप्पा.

ज्या तुकड्याची चिठ्ठी झाली तेवढाच तुकडा पुढे कॉम्प्युटरवर जायचा. तिथे आवाजाचं चित्र निघायचं, जाड आवाज खाली, बारीक आवाज वर, अशा रेघा. मग मोजमाप. चिठ्ठी नाही तर पुढे काहीच नाही. मशीनकडूनच सगळं का करून घेत नाही, असं लोक विचारायचे. पांडेसऱ्यात, सुरतेच्या त्या मिलवस्तीत, मिलचे भोंगे, टेम्पो, बॉयलर, भाजीवाले यांच्यातून मशीनला पाखरू सापडत नव्हतं. मला सापडायचं.

कारण मी लूमचा कारीगर. कॉलेजात येण्याआधी बावीस वर्षं पांडेसऱ्यातल्या एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, कापड विणलं. धोटा इकडून तिकडे आदळतो, शेजारी तसेच शंभर लूम, पत्र्याचं छत. त्या गदारोळात मी पाठमोरा उभा राहून सांगायचो की तिसऱ्या लाईनीत कोणाचा तरी ठोका सैल पडतोय, बघा, आत्ता धाग्याची तार तुटेल. आणि तुटायची. नवीन मशीन आली, आमचे लूम भंगारात गेले, मी कॉलेजात वॉचमन झालो. एकदा मॅडम व्हरांड्यात बसून रेकॉर्डिंग ऐकत होत्या. मी न राहवून म्हटलं की हा कालचाच पक्षी आहे, तिसऱ्या ओळीला अडखळतो. त्यांनी चित्र काढून पाहिलं, खरंच कालचा होता. महिनाभरात माझ्या हातातली काठी गेली आणि हेडफोन आला. आठवी नापास माणसाचं नाव विभागाच्या फळ्यावर लागलं. माझी छाती तेव्हा जी फुगली ती नंतर बरीच वर्षं उतरली नाही.

लूमवरची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. शेठने कानात घालायला कधी काही दिलं नाही. आम्ही चिंधीचा बोळा घालायचो, तो घामाने गळून पडायचा. खात्यात बोलणं ओठांनी आणि हातांनी चालायचं. समोरच्याचं नाही कळलं तरी मान हलवायची, कारण दोनदा विचारलं की मुकादम आईबहीण काढायचा. नाही कळलं तरी हो म्हणायचं, ही सवय अंगात मुरली. घरीही तेच. बायको काही म्हणाली की मी हूं म्हणायचो, आणि दुकानातून तेलाच्या ऐवजी तूर आणायचो.

काम मात्र मी जीव लावून केलं, हे छातीवर हात ठेवून सांगतो. एका मिलच्या गेटपाशी आमची डबी होती, ती गार्डने काढून ठेवली. प्रदूषणवाल्यांनी चोरून लावलीय असं त्याला वाटलं. तो निघाला अमळनेरचा. मी अहिराणीत त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली, चहा पाजला, तेव्हा डबी परत मिळाली. पुढे तोच तिच्यावर पहारा देऊ लागला. आणि एक दयाळ होता, तो मागे येणाऱ्या ट्रकची टीं-टीं हुबेहूब काढायचा. तीन आठवडे मी ते ट्रक समजून सोडून दिलं. मग होळीच्या सुट्टीत सगळ्या मिल बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि ट्रक मागे येतोय. मी एकटाच हसलो. त्याच्यासाठी मॅडमनी आठवं पाकीट केलं, वर लिहिलं ‘नक्कल’.

अशात वैशाली आली. पीएचडी करायला. पांडेसऱ्याचीच, आमच्याकडचीच. वडील डाइंगमध्ये, रंगाच्या वाफेत उभे राहून खोकला जडलेले. ती गुजरातीत हिशेब करायची, हिंदीत भांडायची आणि माझ्याशी मराठी बोलायची. त्यांच्या चाळीत इतकं शिकलेलं कोणी नव्हतं. डिग्री मिळाली की बारडोलीकडच्या एका कॉलेजात तिची नोकरी जवळजवळ ठरलेली होती, आणि नोकरी लागली की वडलांनी मिल सोडायची, हेही घरात ठरलं होतं. वडील मला रस्त्यात भेटले की म्हणायचे, आता थोडेच दिवस, भाऊ.

तिचा विषय साधा होता. गोंगाटात राहणारा दयाळ आणि शांत जागी राहणारा दयाळ, दोघांच्या बोलण्यात काय फरक आहे? बारडोलीच्या बाजूला उसाच्या शेतांच्या कडेच्या आमराईत डब्या लावल्या, आणि पांडेसऱ्यात होत्याच. काम वाटून घेतलं. बारडोलीची रेकॉर्डिंगं तिथलीच एक विद्यार्थिनी ऐकणार, पांडेसऱ्याची मी. गोंगाटात ऐकणं माझ्याशिवाय कोणाला जमणार, असं मीच सांगितलं होतं.

दोन उन्हाळे ऐकलं. चिठ्ठ्या समोरासमोर ठेवल्या, तर सहा कप्पे दोन्हीकडे भरलेले. सातव्यात बारडोलीच्या चिठ्ठ्या भरपूर, पांडेसऱ्याची एकही नाही. माझ्या कप्प्यात त्या शिट्टीची चिठ्ठी आधीच्या वर्षांतही पडली नव्हती, पण तेव्हा मॅडमचं काम गाण्यावर होतं, कोणी लक्ष दिलं नव्हतं. वैशालीने मला विचारलं, असं का असेल, काका? आणि मी, शहाणा, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, आमच्या लूममध्ये कोणी हळू बोलायचं का? ऐकायला कोण जाणार? हळू बोलणंच आम्ही विसरलो. पांडेसऱ्याच्या पाखराचंही तेच झालं असेल. तिचे डोळे चमकले. तिने ते लिहून घेतलं. पुढे प्रबंधाचा मुख्य निष्कर्ष तोच झाला: गोंगाटात राहून दयाळ धोक्याचा इशारा द्यायचा विसरला आहे.

त्याच सुमारास तिने एक तुकडा लावून मला विचारलं की गाण्याच्या मागे ही बारीक शिट्टी कोणाची. मला मागे काही ऐकू आलं नव्हतं. पण मान हलवायची सवय. मी म्हटलं, शिंपी पक्षी असेल. तिने शिंपी लिहिलं.

प्रबंध छापायला जायच्या आधी दोन आठवड्यांची गोष्ट. दुपारी वैशाली जेवायला गेली होती, तिचा कॉम्प्युटर चालू होता. पांडेसऱ्यातली एक पूर्ण सकाळ तिने चुकून उघडी ठेवली होती, चिठ्ठ्यांनी कापलेली नाही, अख्खी. मी सहज चित्र पुढे सरकवत होतो. एका जागी अगदी वर एक पातळ, लांब रेघ दिसली. मग आणखी एक. मग तीन. ती जागा मी रिकामी समजून, चिठ्ठी न लिहिता सोडलेली. हेडफोन लावला. काही नाही. आवाज वाढवला. शेवटपर्यंत वाढवला, तर खालचा टेम्पो कानात फुटायला लागला, पण ती रेघ मुकीच राहिली.

मी ते रेकॉर्डिंग घरी नेलं. रविवारी दुपारी बायको, शेवंता, गहू निवडत बसली होती. शेवंताच्या कानाला हेडफोन लावला आणि मोबाइलवर तो तुकडा सुरू केला. तिने लगेच मान वर केली. मी विचारलं, काय ऐकू येतंय?

‘‘बारीक शिट्टी वाजी राहयनी. पाखरू शे ना?’’ मग माझ्याकडे बघत राहिली. ‘‘तुले ऐकू येत नही का?’’

मी हूं म्हटलं नाही. पहिल्यांदाच.

मग तिने एकेक काढलं. थर्मामीटर वाजतो ते तुला कळत नाही. नात फोनवर बारीक बोलते तेव्हा तू नुसता हसतोस. किती वर्षं झाली, मी सांगून थकले. सगळं खरं होतं. बारीक आवाज माझ्या कानातून लूमने कधीच काढून नेले होते. राहिलं होतं ते ठोका, लय, जाड आवाज, आणि त्याच्या जोरावर मी अकरा वर्षं उस्ताद म्हणून मिरवत होतो. पांडेसऱ्याचे दयाळ काही विसरले नव्हते. ते रोज सकाळी शिकरा आला, शिकरा आला सांगत होते. त्यांच्या शिट्टीचा हिशेब ठेवायला एक बहिरा माणूस बसवला होता.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं. मीही तेच ठरवून गेलो. पण मॅडम म्हणाल्या, प्रल्हादभाई, तुमचे आभार पहिल्या पानावर घातलेत. वैशालीने पेढा दिला. माझी पाचावर धारण बसली. निवृत्तीला आठ महिने उरले होते. खरं सांगायचं तर नोकरी जाईल याची भीती कमी होती. पुन्हा वॉचमन होऊ, लोक हसतील, फळ्यावरून नाव पुसतील, ही भीती मोठी होती. दोन दिवसांनी धीर करून वैशालीला एवढंच म्हटलं की पांडेसऱ्याचं सगळं एकदा तू स्वतः ऐक.

‘‘काका, माझ्या कानापेक्षा माझा तुमच्या कानावर जास्त भरवसा आहे,’’ ती म्हणाली.

तिथे मी मूग गिळून बसलो. मनाशी म्हटलं, कोण बघायला जातंय? एवढाल्या रेकॉर्डिंगांतून कोण रेघ शोधणार? पोरीला डिग्री मिळेल, बाप मिलमधून सुटेल. पाखराचं काय जातंय? असं म्हणत प्रबंध गेला.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. वयस्क, मवाळ बोलणारे. मी मागच्या रांगेत, चहा-पाण्याचं बघायला. वैशालीने निळी साडी नेसली होती, आईची असावी. ती छान बोलली. परीक्षकांनी खूप कौतुक केलं, आणि मग म्हणाले, तुमचा निष्कर्ष फारच वेगळा आहे, पांडेसऱ्यातली एखादी सकाळ पूर्ण लावा ना, चिठ्ठ्यांशिवाय, आम्हालाही ती शांतता ऐकू दे. तिने आनंदाने लावली. पडद्यावर चित्र सरकायला लागलं. मी वरच्या कडेकडे बघत होतो. देवाची आठवण मला फारशी येत नाही, तेव्हा आली.

रेघ आली. आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. मॅडमनी, परीक्षकांनी, विद्यार्थ्यांनी. मला काहीच ऐकू आलं नाही. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळलं की शिट्टी वाजली.

परीक्षकांनी तीन-चार सकाळी लावायला सांगितल्या. सगळ्यांत होती. एकात तर दयाळ कॅमेऱ्यासमोर बोलावं तसा डबीजवळ येऊन बोलला होता, असं नंतर कोणीतरी सांगितलं. परीक्षकांचा आवाज तसाच मवाळ राहिला. त्यांनी विचारलं की हे तुकडे गाळले कोणी. निष्कर्षाला अडचण येते म्हणून काढले का? मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या. वैशालीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, सांगता येत नाही. मला उठायचं होतं. पण मी उठलो नाही. हातातला ट्रे धरून बसून राहिलो.

ती पुढे वळली आणि म्हणाली, ‘‘सर, तपासायची जबाबदारी माझी होती. चूक माझी आहे.’’

प्रबंध नाकारला. पुरावे दडपल्याचा ठपका आला. चौकशी झाली, तिने तेच उत्तर दिलं. बारडोलीची नोकरी दुसऱ्या कोणाला गेली. मॅडमनी ते काम बंद केलं, डब्या झाडांवरून उतरवल्या, मी उतरवून आणल्या. माझा निरोपसमारंभ झाला, शाल मिळाली. भाषणात कोणीतरी माझ्या कानाचं कौतुक केलं.

निवृत्त झाल्यावर पहिलं काम केलं ते कानाच्या डॉक्टरकडे जाण्याचं. त्यांनी आलेख काढून दिला. अर्ध्यापर्यंत रेघ बरी चालते, मग विहिरीत पडावी तशी खाली जाते. डॉक्टर म्हणाले, लूमवर होता का? सुरतेत असे आलेख आम्ही रोज बघतो. हा कागद आणि माझं कबुलीपत्र घेऊन मी मॅडमकडे गेलो. त्यांनी वाचलं. चिडल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. म्हणाल्या, प्रल्हादभाई, त्या दिवशी दोन मिनिटं बोलला असतात तर ती फक्त चूक ठरली असती. पत्र त्यांनी विद्यापीठाला पाठवलं. प्रकरण बंद झालं आहे, असं उत्तर आलं.

मग वैशालीच्या घरी गेलो. वडील पाळीवर होते. अजून जातात. सकाळी रिक्षाच्या थांब्यावर भेटतात, खोकत खोकत हात करतात, राम राम भाऊ म्हणतात. त्यांना पोरीने काय सांगितलंय कोण जाणे, माझं नाव सांगितलेलं नाही एवढं नक्की. वैशालीने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी डॉक्टरचा कागद पुढे केला. तिने एकदा पाहिला आणि घडी घालून परत दिला. तिला त्या दिवशी वळून पाहिलं तेव्हाच कळलं होतं, असं ती म्हणाली. मी विचारलं, मग माझं नाव का नाही घेतलंस?

‘‘मी थांबले होते काका. तुम्ही उठाल म्हणून.’’

चिंधीच्या बोळ्यावर, शेठवर, मुकादमावर मी बोट दाखवू शकतो, आणि दाखवतोही. कान त्यांनी घालवले. पण त्या खोलीत माझी जीभ शाबूत होती.

या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असा निरोप आला, तेव्हा ट्रकवाला दयाळ आणि अमळनेरचा गार्ड एवढंच लिहून पाठवावं असं मनात आलं होतं. लोक हसले असते. तसं नको वाटलं, म्हणून पुन्हा तिच्याकडे गेलो. रिंग रोडला साड्यांच्या ऑनलाइन ऑर्डरी बांधायचं एक मोठं दुकान आहे, ती तिथे पॅकिंगला आहे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर आली, हाताला चिकटपट्टीचे तुकडे तसेच. मी सांगितलं की सगळं खरं लिहायचं आहे, तुझी हरकत नसेल तर.

‘‘लिहा. फक्त माझं नाव बदला. इथे मी बारावी पास सांगितलंय. जास्त शिकलेल्यांना हे लोक ठेवत नाहीत.’’

नाव बदललं आहे. बाकी सगळं घडलं तसंच आहे.